वीस पौंडांची पिशवी

रात्री अकराला मांडायला बसले, थर्मन.
गोल शेगडीच्या कडेकडेने कोळशांची ओळ,
दोन खाली, दोन वर,
वळत वळत गेलेली, पण शेपूट तोंडाला न लागू देता.
रॉस्कोच्या थोरलीने शिकवलं. याला साप म्हणतात म्हणे.
एका टोकाला आठ निखारे ठेवायचे
आणि खुशाल झोपायचं.

झोपायचं!
तू डुकराचा खांदा चढवलास की
अंगणातली ती पत्र्याची खुर्ची
पहाटेपर्यंत सोडायचा नाहीस.
हिकरीचं लाकूड लहरी, म्हणायचास,
एक ओंडका सोज्वळ तर दुसरा दारुडा,
नजर हटली की घात.
तुझ्या विटांच्या खड्ड्यात यंदा रॅकूनीण बाळंत झालीय.
आणि कुऱ्हाड मला उचलवत नाही.

म्हणून ही पिशवी आणली,
दुकानात कोंबड्यांच्या खाद्याशेजारी होती,
वर हिकरीच्या पानाचं चित्र,
आत सगळे एकाच मापाचे, उशीसारखे फुगीर,
जणू एकाच आईची लेकरं.
रॉस्कोने कुंपणापलीकडून बघितलं न् नाक मुरडलं:
"भुशाच्या गोळ्या, वहिनी! खळीने चिकटवलेल्या!
थर्मन थडग्यात कूस बदलेल."

मी काही बोलले नाही.
खळ कशाची असते हे तो मला सांगणार?
सव्वीस वर्षं तू तीच ढवळलीस,
ओझार्कच्या पायथ्याशी, नदीकाठच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला.
मक्याचं पीठ, चुना, भट्टीतला कोळसा, करवतीचा भुसा.
आणि घरी एक गोळी येऊ दिली नाहीस.
"कारखान्यातलं कारखान्यात," म्हणायचास,
दारातच बूट झाडायचास,
पँटच्या दुमडीतून मात्र काळी भुकटी
पडायचीच माझ्या पुसल्या फरशीवर.
किती ओरडले असेन त्यावरून.

काडी लावली.
आधी पांढरा धूर, जाड, कडवट.
तो जाऊ द्यायचा, एवढं तुझ्याकडूनच शिकले.
मग निळा झाला, इतका विरळ
की आहे का नाही कळू नये.
झाकण ठेवायला वाकले
आणि वास आला.

मला वाटलं होतं, रविवार येईल.
चर्चनंतरचं लांब टेबल, व्हिनेगर, बोटं चाटणारी मुलं,
बाह्या सरसावून उभा असलेला तू.
तो नाही आला.
आला मंगळवार.
मध्यरात्र, जाळीचं दार,
तुझा निळा सदरा, कॉलरमागचा घाम,
डबा ओट्यावर टेकल्याचा आवाज,
"जागीच आहेस होय, आयडेला?"

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
जाळून बघितला असता त्यांनी, तर.

एकशे साठवर काटा अडला.
अडतोच. मांसाला घाम फुटतो,
आणि चार-चार तास ते हट्ट सोडत नाही.
मी पत्र्याची खुर्ची ओढली.
गरज नव्हती; साप आपला आपण सरकत होता,
एक पांढरा पडता पडता शेजाऱ्याला लाल करून जात होता.
तरी बसले.

दुपारी रॉस्को आला, नुसता बघायला.
हाड ओढलं तर अलगद हातात आलं, स्वच्छ,
काळ्या सालीखाली गुलाबी कड.
त्याने उभ्यानेच खाल्लं, मग बसून खाल्लं,
मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
लाकूड कुठलं, विचारलं नाही.
मीही विषय काढला नाही.

संध्याकाळी शेगडी उघडली.
राखेचं वेटोळं, बोट लावलं की ढासळणारं,
आणि शेपटाकडे चौदा कोळसे,
न पेटलेले, जसे मांडले तसे.
तिथेच राहू दिलेत.
पुढच्या शनिवारी त्यांच्यापासून सुरू करीन.